मोरीला काटा नसतो

माझी बायको लांज्याकडची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन भाट्याला आली तेव्हा. मासा म्हणजे बाजारातली सुकट आणि पावसाळ्यात वहाळात सापडेल ते, एवढंच तिचं तोवरचं ज्ञान. पहिल्याच महिन्यात तिने बांगड्याचं कालवण केलं आणि स्वतः मात्र काट्याच्या भीतीने कोरडा भात खाऊन उठली. माझी आई तिला काही बोलली नाही. मी बोललो. “लांजेकरणीला माशातलं काय कळतं” हे वाक्य त्या दिवशी आमच्या घरात आलं आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं मी ते रोज वापरलं. कालवण चांगलं झालं तरी वापरलं, बिघडलं तरी वापरलं.

आज सकाळी मी एक अख्खी इडली चावून खाल्ली आणि हे लिहायला बसलो. ही इडली माझ्या घशाखाली उतरते आहे ती त्या लांजेकरणीला माशातलं कळत होतं म्हणून. हे कधीतरी कागदावर कबूल करायला हवं होतं. तोंडाने कबूल करण्याचा माझा स्वभाव नाही.

मी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो. हाताला बरा होतो. इंजिन चालू असताना नुसता कान देऊन आत काय झिजलंय ते सांगायचो आणि ते बहुधा बरोबर निघायचं. आता असा माणूस स्वतःच्या छातीत काय बिघडलंय ते तीन महिने ओळखू शकला नाही, यावर कोणी हसलं तर मी त्याला दोष देणार नाही.

बोटीवर चहा व्हायचा तो स्टोव्हवर, ॲल्युमिनियमच्या किटलीत. किटली खाली उतरली की पहिला ग्लास मिस्त्रीचा, म्हणजे माझा. चहा निवायची वाट बघत बसणाऱ्याची बंदरावर टिंगल होते. मी ग्लास तोंडाला लावायचो तेव्हा वाफ डोळ्यांत जायची आणि तीन घोटांत ग्लास रिकामा. याच्या नरड्याला आतून पत्रा मारलाय, असं खलाशी नव्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं. घरी पेजेचंही तेच. ताटलीत ओतून गार करायला लागली की मी बायकोला म्हणायचो, मी काय बाळंतीण आहे?

बिडी कानामागे असायचीच. डिझेलपाशी ओढता येत नसे, म्हणून वर डेकवर आलो की राहिलेली भरपाई एकदम करायचो. आणि दारूची तर बंदरावर रीतच होती. हंगामाआधी खोलून जोडलेलं इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं, की बोटीचा मालक नारळ फोडायचा आणि मिस्त्रीच्या हातात बाटली ठेवायचा. ती नको म्हणणं म्हणजे बोटीला अपशकुन करणं. माझी इंजिनं बहुतेक पहिल्याच फटक्यात सुरू व्हायची, ही माझी अडचण. आधी हंगामापुरती असलेली बाटली मग रोज संध्याकाळची झाली, आणि रोजची कधी झाली ते मला सांगता यायचं नाही.

जेवण म्हणजे भात आणि कालवण, मासा नसेल तेव्हा खारवलेला बांगडा आणि लोणचं. भाजी वाढली की मी ताटाच्या कडेला सारायचो. पाला गुरांना घाल, म्हणायचो. परसात पपई पिकायची, ती पक्षी खायचे. बायको एकटी किती खाणार?

तीन वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना घास छातीच्या मध्यावर अडला. दिवस पक्का लक्षात आहे, कारण आधीचे बरेच दिवस घरात शाकाहार चालू होता आणि त्या दिवशी मासा आला होता. पाणी प्यायलो, घास गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

किनाऱ्यावरच्या माणसाला घशात काही अडलं की एकच गोष्ट सुचते. काटा. त्यावरचा उपायही आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असतो. कोरड्या भाताचा मुटका करायचा, न चावता गिळायचा, तो काट्याला खाली घेऊन जातो. मी मुटका गिळला. तो काट्याला घेऊन गेला नाही, स्वतःच तिथे जाऊन बसला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे सुटला. मग केळ्याचा तुकडा झाला, मधाचं बोट झालं. शेवटी वाडीतल्या काटा उतरवणाऱ्या आजोबांकडे गेलो. ते तांब्यातल्या पाण्यावर काही पुटपुटतात आणि पाणी प्यायला देतात. लहानपणापासून मी किती जणांना त्यांच्या अंगणातून हसत परत येताना पाहिलं होतं. तिसऱ्या वेळी आजोबा म्हणाले, “जुना काटा हाय, मुरलाय. येळ घेईल.”

मला ते अगदी पटलं. पटवून घ्यायचंच होतं. काटा असेल तर तो आज ना उद्या निघणार, आणि काटा नसेल तर काय असेल याचा विचार मी करत नव्हतो.

भाकरी जाईना, म्हणून ती आमटीत बुडवून खायला लागलो. मग भातही नको वाटायला लागला. पेज उतरायची, आणि गरम प्यायलं की आतून मोकळं होतं अशी स्वतःचीच समजूत काढून मी ती पूर्वीपेक्षाही कढत प्यायला लागलो. पट्ट्याला खिळा तापवून नवं भोक पाडलं, महिन्याने त्याच्या अलीकडे आणखी एक. वर्कशॉपमधला एकजण म्हणाला की मिस्त्री बारीक झालात, तर त्याला सांगितलं की पोट कमी करतोय.

बायको सगळं बघत होती. ती बोलत नव्हती, यावरून मी समजलो की तिच्या लक्षात आलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माणूस असा गैरसमज करून घेऊ शकतो.

माघ लागला होता. दुपारी मी पेज घेऊन बसलो होतो. ती समोर येऊन बसली आणि तिने विचारलं, “आवो, काटा कुठल्या दिवशी अडाकला?”

“तुळशीचं लगीन झाल्यावर दुसऱ्या दिवशी. दहा वेळा सांगितलंय.”

“त्या दिवशी मासा कुठला केलेला मी?”

“मला काय म्हायती? तू आनलेलास तो.”

“मोरी केलेली. मला काट्याचा भ्याव, म्हनून मी मोरीच आनते, तुमी मला हसता. मोरीला काटा असतो होय?”

मोरी म्हणजे लहान शार्क. मधला मऊ कणा सोडला तर तिच्या अंगात काटा नसतो, हे बंदरावर शेंबडं पोरही सांगेल. मी तोंड उघडलं. “लांजेकरणीला माशातलं...” एवढं बाहेर पडलं आणि वाक्य तिथेच थांबलं.

मग मला राग आला. वाटी सरकवली, पेज सांडली, आणि मी उठून सरळ पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत गेलो. सुरूच्या झाडांखाली बसून तासभर तिच्यावर चिडत होतो. ती खोटं बोलत असती तर इतका चिडलो नसतो. भीती वाटली की मला राग येतो, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी घाबरलो होतो.

घरी आलो तर तिने निकाल सांगून टाकला. तुमी डाक्टरकडे जाईपर्यंत या घरात मासा येणार नाय. ना ओला, ना सुका. मी म्हटलं, मला कुठे गिळता येतोय, नको आणूस. पण गंमत अशी की दुपारच्या वेळी शेजारच्या घरातून तळणीचा वास यायचा आणि आपल्या चुलीवर वरणाची डाळ रटरटत असायची, हे चार दिवसांवर सोसलं नाही. पाचव्या दिवशी मी शर्ट घातला.

शहरातली ती डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. मी काट्याची हकिगत सांगितली, बायकोने मोरीची. डॉक्टर हसली नाही. तिने एका कागदावर नळी काढली, ही अन्ननलिका म्हणाली, आणि एकेक विचारायला लागली. आधी घट्ट पदार्थ अडायला लागले आणि मग मऊ? वजन किती उतरलं? बिडी किती वर्षं? दारू रोज? मी उत्तरं देत होतो, आणि प्रत्येक उत्तराआधी बायकोकडे बघत होतो, कारण आकडा कमी सांगितला की ती खोकायची.

मग डॉक्टरने विचारलं, “काका, चहा किती गरम पिता?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी जरा ताठ बसून पत्र्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरने लिहिणं थांबवलं.

“पत्रा नसतो काका. आत नाजूक अस्तर असतं. ते रोज भाजत होतात तुम्ही.”

मग तिने सावकाश समजावलं. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण मला अन्ननलिकेच्या कॅन्सरची शंका येतेय, म्हणाली. तंबाखू वाईट आणि दारूही वाईट, पण दोन्ही एकाच माणसात एकत्र आल्या की एकमेकींचं बळ वाढवतात, धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही. त्यात वर्षानुवर्षं फार कढत पिणं. ताटात भाज्या आणि फळं असली तर धोका थोडा कमी राहतो, तेही मी कधी खाल्लं नाही. मी विचारलं, म्हणजे नक्की कशाने? ती म्हणाली, एका माणसाच्या बाबतीत अमुक एकाच गोष्टीने असं सांगता येत नाही. यातलं काहीही न करणाऱ्यालाही हा आजार होतो, आणि सगळं करूनही काहीजण सुटतात. “पण तुम्ही सुटण्याची वाट फार बघितलीत. आजपासून बंद केलंत तरी फायदा आहे. औषधालाही मदत होईल.”

मग तिची नजर बायकोच्या दातांकडे गेली. “काकू, तुम्ही मशेरी लावता?”

बायकोने पदर तोंडाला लावला. आमच्याकडे बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि त्या पुडीने सकाळी दात घासतात. दात घासून झाले तरी बोट बराच वेळ तोंडातच असतं. तिच्या आईची होती, माझ्या आईची होती. “एवढीशीच लावते,” ती म्हणाली.

“एवढीशी असली तरी तंबाखूच ना?” डॉक्टर म्हणाली.

मला त्या क्षणी बरं वाटलं, हे कबूल करतो. इतका वेळ आरोपीच्या जागी मी एकटा होतो, आता सोबत मिळाली. बाहेर आल्यावर मी ती गोष्ट विसरून गेलो.

दुर्बीण घालून तपासलं, तुकडा काढून पाठवला, मग फोटो काढणारी मोठी यंत्रं झाली. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. बाहेर पसरलेला नव्हता. आणखी काही महिने काटा काटा करत बसला असतात तर मी तुम्हाला हे सांगू शकले नसते, असं डॉक्टर म्हणाली. रिक्षात बायको माझा हात धरून बसली होती. भर दिवसा, भाट्याच्या पुलावर, सगळ्यांना दिसेल असा. मी तो सोडवला नाही.

पुढचे सहा महिने मुंबईला मुलीकडे. किमो आणि रेडिएशनचा शेक सव्वा महिना चालले. शेवटी तर स्वतःची थुंकी गिळायची म्हटली तरी मी आधी मनाची तयारी करायचो. मग ऑपरेशन. अन्ननलिकेचा बराचसा भाग काढला आणि जठर वर ओढून त्याचीच नळी केली. इंजिनात एक पाइप गेला की दुसऱ्यातून वाट काढतो तसंच हे, असं मी सर्जनला म्हणालो, तर तो म्हणाला, मिस्त्री, तुम्ही माझ्या लायनीतले निघालात. त्या माणसाचे हात मी कधी विसरणार नाही.

काही आठवडे पोटात घातलेल्या नळीतून जेवण. बायको ते शिकली. दूध, गाळलेली पेज, डाळीचं पाणी, सगळं आधी मनगटावर थेंब टाकून बघायची, तान्ह्या बाळाच्या दुधाचं बघतात तसं. मी वर्षानुवर्षं तिला बाळंतिणीवरून चिडवत आलो होतो. आता बघत पडलेला असायचो. त्या दिवसांत ती फार चिडचिडी झाली होती. डोकं धरून बसायची, मुलीवर उगाच ओरडायची. माझ्या आजारपणाने थकली असेल, असं मी समजलो आणि मला वाईट वाटलं.

गणपतीच्या आधी घरी आलो. काटा उतरवणारे आजोबा काठी टेकत भेटायला आले आणि अपराध्यासारखे अंगणातच उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं. आजोबांनी मला फसवलं नव्हतं, मीच त्यांच्या पाण्यामागे लपलो होतो. जाताना ते म्हणाले, “आता दुसऱ्या वेळेला कोन आला तर मी आदी डाक्टर दाखवायला सांगतो.” तेव्हापासून ते खरंच सांगतात.

हंगाम उघडण्याच्या सुमारास एका बोटीचं इंजिन अडलं होतं. मी पडवीत बसून फोनवरून कान दिला, काय खोलायचं ते सांगितलं. पहिल्याच फटक्यात सुरू झालं. संध्याकाळी मालक दारात आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीकडे बघून मी आधीच नको म्हणून हात हलवला. तिच्यात पेरू होते. तो अवघडून म्हणाला, “मिस्त्री, रीत मोडायची नव्हती मला.”

नवरात्र संपल्यावर पहिला मासा आला. मोरीच. तिने मऊ शिजवून, बोटांनी कुस्करून, दोन चमचे भाताबरोबर वाढला. मी सावकाश चावला, गिळला, आणि तो खाली गेला. कुठेही न थांबता गेला. मला रडू आलं. ती म्हणाली, तिखट झाला काय. मी म्हटलं, नाही.

आता मी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातो, जेवल्यावर आडवा होत नाही, झोपताना उशाशी तीन उशा लागतात. परसातली पपई मी खातो, पक्ष्यांना उरलेली. आणि चहा निवू देतो. कप पडवीच्या कठड्यावर ठेवायचा आणि वाफ जाईपर्यंत बसायचं. ती तिचा कप घेऊन बाजूला बसते. या एवढ्या वेळात आम्ही बोलतो. इतकी वर्षं मी उभ्याने चहा ढोसून बंदरावर पळायचो, त्यामुळे तिला बोलायला किती आवडतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मोरी खाल्ल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. चहा कठड्यावर होता. मी आदल्या दिवसापासून मनाशी जुळवाजुळव करत होतो. माझं सगळं तिने केलं, आता तिच्यासाठी काहीतरी करायची माझी पाळी, असं मला वाटत होतं. मी घसा खाकरून, डॉक्टर बोलते तसा सावकाश बोलायला लागलो. तंबाखू तोंडात राहते तेव्हा काय होतं, थोडी असली तरी तंबाखूच, सवय मोडायला कठीण जाईल पण मी सोबत आहे, मीही मोडली ना. चांगली पाच मिनिटं बोललो. ती ऐकत होती.

मग म्हणाली, “मला मशेरी लावताना शेवटची कदी बघितलात तुमी?”

मी आठवायला लागलो. काल? नाही. गणपतीत? मुंबईला? तंबाखू भाजल्याचा तो ठसका आणणारा वास घरात शेवटी कधी आला होता? काही आठवेना.

“त्या डाक्टरीणबायकडून आलो, त्याच दिवशी तवा उचलून टाकला,” ती म्हणाली. “तुमाला सोडा सांगायचा, आनि मी लावायची होय?”

म्हणजे नऊ महिने. मुंबईचं ते डोकं धरून बसणं, ती चिडचिड, सगळं मला एकदम दिसलं. चाळीस वर्षांची सवय तिने माझी नळी धरून बसल्या बसल्या मोडली होती.

“मला बोलली का नाहीस?”

“तुमचा गळा आदीच बंद झालेला. त्याच्यात माजा काय सांगायचा?”

कोणत्या दिवशी कोणता मासा केला आणि त्यातला कितवा घास माझ्या घशात थांबला, हे तिला माहीत होतं. रोज सकाळी समोर बसणाऱ्या बाईच्या तोंडातून मशेरी गेली, हे मला नऊ महिने दिसलं नाही.

मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, की लांजेकरणीला कळतं. कशातलं ते म्हणालो नाही. तिने माझा कप उचलला, मनगटावर एक थेंब टाकून बघितला, आणि माझ्या हातात दिला.